मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

मुंबई इलाख्याच्या कारभाराची सूत्रे हाती घेऊन अनेक गव्हर्नर आले आणि आपली मुदत भरताच स्वदेशी परत गेले. त्यांच्या नावांची व कारकिर्दींची यादी इतिहासग्रंथांतून सापडते. परंतु त्यांपैकी बहुतेकांचे स्मरण आज कोणासही उरलेले नाही. अधिकार संपला की अधिकाऱ्याची आठवण संपते, हा जगाचा रिवाजच आहे. या रिवाजास जे थोडे अपवाद झाले, त्यांत १८१९ ते १८२७ अशी आठ वर्षे गव्हर्नर असलेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेबांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकविताना आम्हांस हे चरित्र नेहमी विचार करावयास लावीत आले आहे. म्हणून आपल्या ज्ञातिबांधवांपुढे ते थोडक्यात मांडीत आहो.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात झाला. वडील लॉर्ड असले तरी हे चौथे चिरंजीव. तेव्हा वडिलोपार्जित दौलतीवर अवलंबून राहण्याची सोय नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षीच कंपनी सरकारच्या नोकरीवर त्यांनी १७९६ साली हिंदुस्थानात पाऊल ठेविले. १७९९ साली बनारस येथे अयोध्येचा पदच्युत नवाब वजीर अली याच्या लोकांनी इंग्रजांची कत्तल केली, तेव्हा घोड्यावर बसून निसटल्यामुळेच हा तरुण बचावला.

पुढे १८०१ साली पुण्याच्या रेसिडेन्सीत त्यांची नेमणूक झाली आणि तेथून महाराष्ट्राशी त्यांचा जो संबंध जडला, तो सव्वीस वर्षे टिकला. १८०३ साली असईच्या लढाईत ते जनरल वेलस्ली यांच्याबरोबर होते. नंतर काही वर्षे त्यांनी नागपुरास रेसिडेंट म्हणून काढली. १८०९ साली वकील या नात्याने पेशावरास जाऊन त्यांनी काबूलचा राजा शाह शुजा याची भेट घेतली व त्या देशाविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर १८११ साली ते पुन्हा पुण्यास आले, ते दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून.

येथून पुढील हकीकत मराठी माणसास सुखाची नाही. १८१५ साली गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरास खून झाला. त्रिंबकजी डेंगळे यांना कैद झाली, ते ठाण्याच्या तुरुंगातून निसटले, आणि पेशवे व इंग्रज यांच्यातील वितुष्ट वाढतच गेले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरील रेसिडेन्सीस आग लागून एल्फिन्स्टन साहेबांचा ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. १८१८ साली पेशवाई बुडाली. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांची गादी पुन्हा स्थापन झाली, पण ती इंग्रजांच्या तंत्राने चालणारी. पुण्यात इंग्रजांविरुद्ध कट करणाऱ्यांच्या म्होरक्यांना याच साहेबांनी तोफेच्या तोंडी दिले. तेव्हा ते परक्या सत्तेचे कठोर सेवक होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मात्र जिंकलेल्या मुलखाची जुनी घडी त्यांनी एकदम मोडली नाही. पाटील, कुलकर्णी, पंचायत यांविषयी बारकाईने चौकशी करून त्यांनी १८१९ साली आपला अहवाल लिहिला. इनामे व वतने शक्य तितकी चालू ठेविली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरास ते मुंबईचे गव्हर्नर झाले. इलाख्याचे विखुरलेले कायदे एकत्र करून १८२७ साली त्यांनी जे संग्रहरूपाने प्रसिद्ध केले, ते पुढे बरीच वर्षे अमलात होते.

परंतु त्यांची खरी कीर्ती आहे ती शिक्षणाच्या कार्यामुळे. पेशवे विद्वान ब्राह्मणांस जी दक्षिणा देत, त्या रकमेतून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. १८२२ साली मुंबईत शाळा व शालापुस्तके यांच्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, तिला त्यांचा मोठा आधार होता. मुलांस त्यांच्या मातृभाषेत छापलेली पुस्तके मिळावीत, गावोगावच्या शाळा सुधाराव्यात, गरिबांनीही विद्येचा लाभ घ्यावा, असे त्यांनी १८२४ च्या आपल्या टिपणात सुचविले.

याच टिपणात एक गोष्ट मात्र अशी आहे की, ती वाचून मन अस्वस्थ होते. अगदी खालच्या मानलेल्या जातींची मुले अभ्यासात उत्तम चालतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव त्यांस ठाऊक होता. असे असूनही त्या मुलांस विशेष उत्तेजन देण्यास ते कचरले. विद्येचे मूळ प्रथम त्यांच्यात रुजले तर वरच्या जाती तिच्याकडे पाठ फिरवतील, अशी त्यांस धास्ती होती. ज्या दाराची कडी त्यांनी काढली, ते दार असे अर्धेच उघडले. उरलेले उघडण्यास १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्यासारखी माणसे पुढे यावी लागली.

१८२७ च्या नोव्हेंबरात त्यांची कारकीर्द संपली, तेव्हा मुंबईच्या लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमविली. ती पुतळ्यांवर न उधळता इंग्रजी भाषा व शास्त्रे शिकविणारे अध्यापक नेमण्यासाठी ठेविली, हे त्या दात्यांचे शहाणपण होय. त्यातूनच एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. दादाभाई नौरोजी तेथेच शिकले व तेथेच अध्यापक झाले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक होऊन १९१२ साली याच कॉलेजातून बी. ए. ची परीक्षा देणारे विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर! ज्या मुलांस प्रथम शिकविण्याचे धैर्य त्या गव्हर्नरास झाले नाही, त्यांच्यातीलच एकाने त्याच्या नावाच्या विद्यालयातून बाहेर पडून पुढे भारताच्या संविधानाचा मसुदा सिद्ध करण्याचे कार्य केले. विद्येचे दार एकदा किलकिले झाले की ते कोणासाठी उघडावे हे उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

स्वदेशी परतल्यावर हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरलपद चालून आले असताही त्यांनी ते नाकारले. १८४१ साली हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. ते अविवाहित होते. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडात सरे परगण्यात त्यांचा देहान्त झाला. आणखी एक गोष्ट तरुण वाचकांस सांगणे अवश्य आहे. मुंबईचे एल्फिन्स्टन रोड हे रेल्वे स्थानक, ज्याचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले, ते यांच्या नव्हे तर १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या यांच्या पुतण्याच्या नावाचे होते.

स्थानकाचे नाव बदलले म्हणून काही बिघडले नाही. नावे काळाबरोबर बदलावयाचीच. पण शाळा टिकते आणि तीतून माणसे घडत राहतात. आमच्या ज्ञातिबांधवांपैकी कोणास संस्थेचे, नगरपालिकेचे वा सरकारदरबारचे पद मिळाले, तर त्याने दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. आपली मुदत मोजकीच असते, तेवढ्यात एखादे तरी विद्येचे दार उघडावे. आणि उघडताना ते अर्धे ठेवू नये. आपल्याच मुलांपुरते न पाहता शेजारच्या, आपल्याहून मागे राहिलेल्या घरातील मुलासही त्यातून आत घ्यावे, एवढेच आमचे नम्र मागणे आहे.