विल्यम मॉरिस: शयनगृहातला माग

लंडनमधल्या कितीतरी घरांत विल्यम मॉरिस आज भिंतीवरच्या कागदाच्या किंवा उशीच्या अभ्र्याच्या रूपाने राहतो. वेली, पाने आणि पाखरे एवढीच त्याची ओळख उरली आहे. वास्तविक कागदावर नक्षी काढून ती दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे या माणसाला कधीच पुरेसे वाटले नाही. जे बनवायचे ते आधी स्वतःच्या हाताला आले पाहिजे, हा त्याचा हट्ट होता.

24 मार्च 1834 रोजी वॉल्थमस्टो येथे एका सधन कुटुंबात त्याचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या एक्झीटर कॉलेजात त्याचे शिक्षण झाले आणि कवी म्हणून त्याने नाव मिळवले. मित्रांसह 1861 मध्ये गृहसजावटीची कंपनी काढली. पोटापाण्याची चिंता नव्हती. हात मळवण्याची सक्ती तर मुळीच नव्हती.

तरीही 1875 च्या सुमारास तो स्टॅफर्डशरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊन कामाला लागला. 1856 मध्ये कृत्रिम रंगाचा शोध लागल्यापासून जुन्या वनस्पतिजन्य रंगांची विद्या इंग्लंडमध्ये विस्मरणात चालली होती. मॉरिसने जुने ग्रंथ उकरून काढले. आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरपासून लाल रंग काढला आणि निळीच्या कुंडात हात बुडवले. त्या दिवसांत हा प्रतिष्ठित कवी कोपरापर्यंत निळा होऊन वावरत असे.

मग विणकाम. रेशमी वस्त्रासाठी त्याने 1877 मध्ये फ्रान्सहून एक विणकर बोलावला. परंतु टॅपेस्ट्रीची, म्हणजे चित्रपटाची, विद्या शिकवणारा कोणी जवळपास नव्हता. अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच पुस्तिकेवरून त्याने ती उलगडली आणि 1879 मध्ये हॅमरस्मिथच्या केल्मस्कॉट हाउसमध्ये चक्क शयनगृहात उभा माग मांडला. वय पंचेचाळीस. ताण्याचे धागे वरून खाली ताणलेले. विणकर बसणार कापडाच्या मागच्या बाजूला आणि पुढची बाजू पाहणार आरशात. रंग बदलेल तिथे बाण्याचा धागा बदलायचा, म्हणून प्रत्येक पान बोटांनीच भरायचे. पैठणीच्या पदरावरची नक्षी ज्या पद्धतीने विणतात, तिचीच ही दूरची बहीण. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे, आणि मॉरिस तर स्वभावाने अत्यंत उतावळा! पण पहाटे उठून तो मागावर बसू लागला. किती वेळ लागला याची टिपणे त्याने ठेवली: मे ते सप्टेंबर, 516 तासांहून अधिक. अकँथसची पाने आणि द्राक्षवेल असलेला तो पट काहीसा ओबडधोबड झाला; आज तो ऑक्सफर्डशरमधल्या केल्मस्कॉट मॅनरमध्ये आहे.

शिकलेली विद्या त्याने पहिल्यांदा जॉन हेन्री डर्ल या तरुण मदतनीसाला दिली आणि 1881 मध्ये वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे कारखाना उभारला. या नदीचे पाणी रंगकामास मानवणारे होते. निळीत बुडवून, नंतर ती उडवून छापलेला त्याचा प्रसिद्ध ‘स्ट्रॉबेरी थीफ’ 1883 चा. त्याच वर्षी तो समाजवादी चळवळीत उतरला. भारतातले हस्तोद्योग ब्रिटिश व्यापार बुडवत आहे, हे त्याने त्याआधीच जाहीर व्याख्यानात बजावले होते.

इथेच त्याच्या आयुष्यातली गाठ होती. हाताने, उत्तम मालाने, सावकाश केलेली वस्तू महाग पडणारच. ती विकत घेणारे श्रीमंतच. सर्वांसाठी कला हवी म्हणणारा मॉरिस धनिकांचे दिवाणखाने सजवत राहिला, आणि ही विसंगती टीकाकारांआधी त्यालाच बोचत होती. ती त्याला सोडवता आली नाही. मात्र कारखाना त्याने बंद केला नाही की माल हलका केला नाही.

3 ऑक्टोबर 1896 रोजी वयाच्या 62 व्या वर्षी तो गेला. केल्मस्कॉटच्या दफनभूमीपर्यंतचा शेवटचा प्रवास त्याने पाना-वेलींनी सजवलेल्या शेतगाडीतून केला. मर्टनला विणलेला, त्याचा मित्र बर्न-जोन्स याने रेखाटलेला येशूजन्माचा भव्य पट त्याच्या जुन्या कॉलेजच्या प्रार्थनागृहात अजून टांगलेला आहे.