शेतकऱ्याचा मुलगा फ्लेमिंग

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असतानाच वडील वारले. ते रानातून चालत शाळेला जात. पुढे लंडनला जाऊन त्यांनी नोकरी केली आणि मग ते डॉक्टर झाले.

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा चिघळायच्या आणि ते मरायचे. फ्लेमिंगनी हे डोळ्यांनी पाहिले. म्हणून ते जंतू मारणारे औषध शोधू लागले.

१९२८ साली ते सुट्टीवरून परत आले. काचेच्या बशीत त्यांनी जंतू वाढवले होते. एका बशीला बुरशी आली होती, शिळ्या भाकरीला येते तशी. त्यांनी नीट पाहिले तर बुरशीच्या भोवतालचे जंतू मेले होते! त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलीन नाव दिले. फ्लोरी व चेन यांनी त्याचे औषध बनवले. १९४५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूमोनियाची माणसं वाचू लागली. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीलाही पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला.

नोबेल मिळाले तेव्हा फ्लेमिंगनी एक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखला. त्याने मनानेच थोडे पेनिसिलीन घेतले. जंतू मेले नाहीत, उलट औषधाला सरावले. तेच जंतू बायकोला लागून तिला न्यूमोनिया झाला. आता पेनिसिलीन चालेना. ती दगावली.

गोष्ट मनातली होती, पण तसेच झाले. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ औषधांना दाद न देणारे न्यूमोनियाचे जंतू सापडले. आता असे जंतू आपल्या देशातही आहेत. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग वारले.

मागच्या हिवाळ्यात माझ्या लहान भावाला न्यूमोनिया झाला. छाती भात्यासारखी उडायली होती. आज्जी डब्यातल्या उरलेल्या गोळ्या द्या म्हणायली. आईने ऐकले नाही, दवाखान्यात नेले. तीन दिवसांत तो हसायला लागला. बाबा म्हणाले की आता औषध कशाला. पण डॉक्टरांनी सांगितले होते तितके दिवस आईने औषध दिलेच. आता तो अंगणात पळतो.

म्हणून सगळ्या आईबाबांना विनंती. उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नका. औषध अर्ध्यात सोडू नका. २०२१ पासून सरकारी दवाखान्यात बाळांना न्यूमोनियाची लस फुकट मिळते, ती द्या.

– इयत्ता चौथी