सुब्बा राव यांचे दोन निकाल

सरन्यायाधीश कोका सुब्बा राव यांचे नाव निघाले की जमीनदारांचे कैवारी असा शिक्का मारून अनेक जण मोकळे होतात. त्याला कारण झाला गोलकनाथ खटला. जालंधरच्या या कुटुंबाची बरीचशी शेती पंजाबच्या कायद्याने अतिरिक्त ठरली होती. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तो कायदा नवव्या परिशिष्टात घालून त्याला संरक्षणही दिले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला. घटनादुरुस्ती हाही कलम १३ च्या अर्थाने कायदाच होय आणि मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा संसदेलाही करता येत नाही, असे सुब्बा राव यांनी ठरविले. मात्र हे बंधन पुढील दुरुस्त्यांपुरतेच ठेवले. गोलकनाथांची जमीन त्यांना परत मिळाली नाही, हे टीकाकार सहसा विसरतात.

राजमहेंद्रीत १९०२ साली जन्मलेले हे विधिज्ञ मद्रासेत वकिली करून न्यायासनावर आले आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्यांची खरी ओळख पटते ती १९६२ च्या खरकसिंग खटल्यात. तेथे जमिनीचा प्रश्नच नव्हता. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसावर उत्तर प्रदेशचे पोलीस पाळत ठेवीत, अपरात्री त्याचे दार ठोठावीत. बहुमताने रात्रीच्या भेटी तेवढ्या रद्द केल्या. सुब्बा राव यांनी न्यायमूर्ती शहा यांच्यासह वेगळे मत नोंदविले. त्यांच्या मते सारी पाळतच घटनाबाह्य होती. खासगी जीवन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होता. शिवाय स्वातंत्र्य हिरावणारा कायदा केवळ रीतसर संमत होऊन भागत नाही, त्याने कलम १९ च्या कसोटीसही उतरले पाहिजे. हीच कसोटी पुढे जमीनमालकालाही लावली गेली, म्हणून ती खोटी ठरत नाही.

एप्रिल १९६७ मध्ये राजीनामा देऊन ते विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि झाकीर हुसेन यांच्याकडून पराभूत झाले. न्यायासनावरून थेट निवडणुकीत उतरणे त्यांच्या निकालांना बाधकच ठरले.

१९७३ च्या केशवानंद भारती निकालाने गोलकनाथचा निर्णय रद्द ठरविला. पण संसदेवरील मर्यादा घटनेच्या मूलभूत चौकटीच्या रूपाने कायम राहिली. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद झाले. त्यानंतर आठच दिवसांनी सुब्बा राव निवर्तले. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या दुरुस्तीने गेला. खरकसिंग खटल्यातील त्यांचे अल्पमत मात्र २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने स्वीकारले.