स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक

मंडळाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी हळदीकुंकवाच्या दिवशी सांगितले. मी नेहमीप्रमाणे लोणच्याची एखादी कृती देऊन मोकळी होणार होते. लेख म्हटला की माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईच्या पोटात गोळाच येतो. परंतु गेली काही वर्षे एक पुस्तक माझ्या उशापाशी असते, आणि ते लिहिणाऱ्या बाईंनी तर शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तेव्हा त्यांचीच हकीगत आपल्या भगिनींना सांगावी असे मनाने घेतले. काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

पुस्तकाचे नाव स्मृतिचित्रे. माझी भाची बी. ए. ला होती, ती सुट्टीत आली तेव्हा आमच्याकडे विसरून गेली. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धन-म्हसळ्यावर येऊन आदळले. ते दिवस कोण विसरेल? आमची अर्धी कौले गेली, परसातल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, आणि वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. सामान सुकवताना हे पुस्तक हाती लागले. टीव्ही नाही, फोन बंद. संध्याकाळी दिवा लावून सासूबाईंना वाचून दाखवू लागले. त्यांना लिहितावाचता येत नाही. पहिल्याच दिवशी त्या इतक्या हसल्या की वरती आकाश दिसत होते त्याचा आम्हा दोघींनाही विसर पडला.

हसू आले ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे. लक्ष्मीबाई मूळच्या गोखल्यांच्या, माहेरचे नाव मनकर्णिका. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले ते जन्मभर गेले नाही. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, मग ती वस्तू धुण्याजोगी असो की नसो. कोणाचा स्पर्श होईल या भीतीने मुलाबाळांचे बालपण जखडलेले. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर ही रडकहाणीच झाली असती. लक्ष्मीबाई ती हसत सांगतात, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचे किती हाल झाले असतील हे आपले आपल्यालाच कळते.

अकराव्या-बाराव्या वर्षी, १८८० साली, त्यांचे लग्न झाले. नवरदेव नारायण वामन टिळक, आपल्या कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले ते हेच. लोकमान्य ते वेगळे, हे आमच्या मंडळात दोघीतिघींना सांगावे लागले म्हणून लिहून ठेवते. आई लहानपणीच गेलेली, वडील कडक, त्यामुळे टिळक पोरवयातच घराबाहेर पडले होते. बुद्धी तेज, संस्कृत उत्तम, कविता तर बोलता बोलता करीत. पण संसाराच्या नावाने शून्य. न सांगता घरातून निघून जावे, नोकरी धरावी आणि सोडावी, हातात पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावे. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. घरात डाळतांदूळ आहेत की नाहीत ही चिंता एकट्या बायकोची.

इथे मला लक्ष्मीबाईंचे फार नवल वाटते. नवऱ्याच्या लहरीपणाबद्दल त्या काहीही झाकून ठेवीत नाहीत, पण त्याला खाली पाहायलाही लावीत नाहीत. स्वतःचा हट्ट, स्वतःची फजिती, आपण कसे भांडलो, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगतात. आपण बायका एकतर नवऱ्याला देव करतो, नाहीतर पाणवठ्यावर त्याची धुणी धुतो. या बाईंनी दोन्ही केले नाही. अक्षरओळखही त्यांना टिळकांनीच करून दिली, आणि उपकाराची ती जाणीव पुस्तकात जागोजाग आहे.

पहिली मुले हाती लागली नाहीत. १८९१ साली दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त, जन्मले. त्यानंतर दोन वर्षांनी टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले असता डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणे झाले आणि त्याने बायबल हातात दिले. टिळक वाचीत गेले, विचार करीत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायकोला आधी विचारले नाही.

माहेरच्या सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईवर काय कोसळले असेल! वय अवघे सव्वीस-सत्तावीस, पदरी तीन-चार वर्षांचे पोर. नवरा जिवंत आहे आणि नाहीही. कुंकू लावायचे तर कोणाच्या नावाने, असा प्रश्न. त्यांच्या मनाचा तोल जाण्याची वेळ आली. नातेवाईकांनी सांभाळले, थोरली बहीण आणि मेव्हणे पाठीशी उभे राहिले, काही काळ पंढरपुरास काढला. पाचेक वर्षे हा वनवास चालला होता. त्याच दिवसांत त्या कविता करू लागल्या. आश्चर्य असे की टिळकांची पत्रे येत राहिली, आणि बाईंच्या मनातले टिळकही गेले नाहीत.

हा भाग वाचला त्या रात्री सासूबाई हसल्या नाहीत, की हूं सुद्धा म्हणाल्या नाहीत. मला वाटले झोपल्या. पण दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना आपणहून बोलू लागल्या. आमचे मामंजी मुंबईला गिरणीत होते हे मला ठाऊक होते. १९८२ च्या संपात काम गेले, तेव्हा रिकाम्या हाताने गावी कसे यावे या लाजेने ते दोन वर्षे आले नाहीत, हे मात्र या घरात येऊन वीस वर्षे झाली तरी मला कोणी सांगितले नव्हते. पत्र नाही, मनिऑर्डर नाही. लोक नाही नाही ते बोलत. सासूबाई लोकांच्या शेतात लावणीला जात आणि संध्याकाळी म्हसळ्याच्या एस. टी. स्टँडवर मुंबईची गाडी बघायला उभ्या राहत. एवढे सांगून त्यांनी भाकरी उलटली आणि विषय संपवला. माझ्या मनात मात्र तो राहून गेला. पुढची हकीगत लक्ष्मीबाईंची सांगते.

त्या परत टिळकांकडे गेल्या, अहमदनगरला. गेल्या त्या आपल्या अटीवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे आपले आपण पाळायचे. टिळकांनी एका शब्दाने आडकाठी केली नाही, उलट तशी सोय करून दिली. मग हळूहळू बाईंच्याच मनात विचार सुरू झाला की ही उच्चनीचता देवाने केली की माणसांनी? आधी जातीची भिंत पडली, कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या, आणि धर्माचे पाऊल त्यानंतर पडले. १९०० साली राहुरीला त्यांनी आणि दत्तूने दीक्षा घेतली.

मंडळातल्या एका भगिनीने मला विचारले की धर्म सोडलेल्या बाईचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला? प्रश्न रागाने विचारला नव्हता, म्हणून उत्तर देते. मी रोज देवपूजा करते, चतुर्थी करते, आणि लक्ष्मीबाईंची वाट माझी नाही. परंतु नवरा म्हणाला म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही, लोक म्हणाले म्हणून नवरा सोडला नाही, आणि स्वतःला पटेपर्यंत पाच वर्षे कोणाचेच ऐकले नाही. शिवाय म्हसळ्यासारख्या गावात राहून आपण असे विचारावे का? येथे ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे येतो आणि गणपतीचे मोदक शेजारी जातात.

पुढच्या संसारात माणसांची वाण कधी पडली नाही. दुष्काळातली अनाथ मुले घरी आली ती घरचीच झाली, एक मुलगी तारा तर लेकच झाली. प्लेगच्या छावणीत जिथे सख्खी माणसे जवळ जायला भीत, तिथे लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली. बालकवी ठोंबरे लहान वयात टिळकांच्या घरी राहिले, त्यांचे लाड लक्ष्मीबाईंनी केले आणि रुसवेही काढले. १९१८ साली भादलीजवळ आगगाडीखाली बालकवी गेले, तो आघात या घराला पोटच्या पोरासारखा लागला. १९१७ साली टिळकांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यास देवाचा दरबार मांडला. ख्रिस्ती झाले तरी संन्यास आपला देशी! तेथेही बाई बरोबर. ९ मे १९१९ रोजी मुंबईला टिळक वारले.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतले होते, ख्रिस्तायन. दहाएक अध्याय होऊन ते अपुरे राहिले. शाळा न पाहिलेल्या या विधवेने ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचले. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्यांना हे कदाचित इतके अवघड वाटले नसते. ओवी कानात असली की पुस्तकी विद्येवाचून भागते. पुढे काही काळ कराचीसही राहिल्या, आणि अखेर नाशिकला आल्या.

स्मृतिचित्रे लिहिली गेली ती अशीच सहज. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आईने लिहायला घेतले, आणि पाहता पाहता ते टिळकांचे चरित्र न राहता बाईंचे स्वतःचे झाले. आधी ते संजीवनी या नियतकालिकातून येऊ लागले, मग १९३४ पासून भाग भाग पुस्तकरूपाने निघाले. त्याआधी १९१० साली रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी छापल्या होत्या. त्याही मी आणवून वाचल्या. त्या फार थोर बाई, पण त्यांच्या पुस्तकात रानडे उच्चासनावर आहेत आणि रमाबाई पायाशी. लक्ष्मीबाई मात्र टिळकांच्या शेजारी पाट मांडून बसतात. भाषाही आपण मागच्या ओटीवर बसून बोलतो तशी. मोठा शब्द नाही, उपदेश नाही, आणि कोठे थांबायचे हे त्यांना बरोबर ठाऊक.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंना देवाज्ञा झाली. त्यानंतर १९५० साली जोसेफिन इंक्स्टर नावाच्या बाईंनी पुस्तकाचा काही भाग इंग्रजीत नेला, २०१७ साली शांता गोखले यांनी ते नव्याने इंग्रजीत आणले. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंचे काम सुहास जोशी यांनी केले आहे. तो मिळाल्यास मंडळात एका दुपारी सर्वांनी मिळून पाहावा, अशी माझी सूचना आहे.

आता राहिलेली गोष्ट. वादळानंतर छपरावर पत्रे चढले, वीज आली, पुस्तक वाचून झाले. मी रोजच्या खर्चाची वही उलटी करून मागच्या बाजूने सासूबाईंचे बोलणे लिहून ठेवू लागले. पहिल्यांदा त्यांनी साफ नको म्हटले. घरातले चव्हाट्यावर कशाला, आणि गेलेल्या माणसाचा कमीपणा कशाला? मी काही बोलले नाही. महिनाभराने त्यांनीच विचारले की त्या टिळकीणबाईंनी नवऱ्याचे सगळे लिहिले, तरी वाचताना तो माणूस वाईट वाटला नाही, ते कसे? मला सांगता आले नाही. मग त्या स्वतःच म्हणाल्या की लिही, पण मामंजी परत आले तेव्हा पिशवीत माझ्यासाठी हिरव्या बांगड्या होत्या, आणि पैसे कुठून आणले ते शेवटपर्यंत सांगितले नाही, हेही लिही. ते मी लिहिले आहे. वहीची बेचाळीस पाने झाली. ती स्मरणिकेत द्यायची परवानगी मला नाही, आणि मीही मागितली नाही.

पुस्तक मात्र ज्यांना हवे त्यांनी खुशाल न्यावे. भाचीने ते मला देऊन टाकले आहे. सध्या ते वरच्या आळीत गेले आहे, नंतर आणखी दोघींनी नंबर लावला आहे. वादळात भिजल्यामुळे मधली काही पाने एकमेकांना चिकटली आहेत, ती ओढून सोडवू नयेत. तव्याच्या उबेवर जरा धरावीत, म्हणजे सुटतात.