चिखलातलं पाणी मोजणारे टर्झागी

पुण्या-सांगलीकडे सिव्हिल केलेल्या मंडळींना हे नाव नक्की आठवेल. पायाच्या भारक्षमतेचं सूत्र घोकताना कार्ल टर्झागींच्या नावानं बोटंही मोडली असतील! पण त्यांचं खरं मोठं काम पायाचं नाही, ओल्या चिकणमातीचं. आणि त्याचा संबंध इथल्या मेक्सिकोच्या आखाताशीही येतो.

टर्झागींचा जन्म १८८३चा, प्रागमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी. ग्राझमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, पण ओढा भूगर्भशास्त्राकडे. बांधकामांवर हिंडताना एक गोष्ट त्यांना खटकायची: लोखंडाचा हिशेब होतो, काँक्रीटचा होतो, खालच्या मातीचा मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. म्हणून १९१२ मध्ये अमेरिकेत येऊन जवळपास दोन वर्षं धरणांची कामं पाहत फिरले. हाती फारसं काही न लागता परतले.

उत्तर सापडलं इस्तंबूलमध्ये. १९१६ मध्ये ते तिथे शिकवायला गेले. ऑस्ट्रिया युद्ध हरला आणि नोकरी गेली, तेव्हा तिथल्याच अमेरिकन रॉबर्ट कॉलेजनं आसरा दिला. प्रयोगशाळा कसली, भंगारातून उपकरणं जमवायची. एका कड्यात ओली चिकणमाती भरायची, वर-खाली सच्छिद्र दगड, त्यावर वजन, आणि माती किती दबते ते दिवसेंदिवस मोजत बसायचं.

श्रीखंडासाठी चक्का टांगतो, तेच समजा. पाणी निथळेपर्यंत दही पातळच. वर कितीही वजन ठेवा, आधी तो भार आत अडकलेलं पाणी पेलतं. पाणी निसटेल तसतसा तो कणांवर येतो आणि तेव्हा कुठे घट्टपणा येतो. चिकणमातीची छिद्रं इतकी बारीक, की याला वर्षानुवर्षं लागतात. थर दुप्पट जाड असेल, तर वेळ चौपट! हे गणित त्यांनी १९२३ मध्ये मांडलं, १९२५ मध्ये जर्मन ग्रंथ आला आणि त्याच वर्षी एमआयटीचं बोलावणं.

पुढे व्हिएन्नात प्राध्यापक झाले. रूथ डॉगेट या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ बाईंशी लग्न झालं. तिथेच फिलुंगर नावाच्या सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या सिद्धांतावर जाहीर हल्ला चढवला. चौकशी समितीनं टर्झागींच्या बाजूनं कौल दिला. १९३७ मध्ये फिलुंगर पती-पत्नीनं आयुष्य संपवलं. फिलुंगर यांचं स्वतःचं संशोधन आज मानानं वाचलं जातं, हेही सांगायला हवं. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला आणि टर्झागी हार्वर्डला आले. १९४३ मध्ये, साठीच्या घरात, अमेरिकन नागरिक झाले.

१९५६ मध्ये टेक्सासमधल्या एका परिषदेसाठी त्यांनी समुद्राखालच्या उतारांवर निबंध लिहिला. इस्तंबूलच्या कड्यातली माती आता समुद्रतळाएवढी मोठी झाली होती. मिसिसिपीच्या मुखाशी गाळ इतक्या झपाट्यानं साचतो, की खालच्या थरातलं पाणी निघायच्या आत वर नवा थर येऊन पडतो. भार पाण्यावरच राहतो, कण मोकळेच. अशा मातीत जोर कुठून येणार? तिथला तळ जेमतेम अंशभर कललेला असतो. आपण त्याला सपाटच म्हणू. तरी तो घसरतो.

टर्झागी १९६३ मध्ये बॉस्टनजवळच्या विंचेस्टरला वारले. सहाच वर्षांनी कॅमिल वादळाच्या लाटांनी तो मऊ तळ हलवला आणि तेलाचा प्लॅटफॉर्म आडवा झाला. ह्यूस्टनकडे तेलाच्या कामात असलेल्यांना ही घटना माहीत असेल. तेव्हापासून त्या भागात खांब रोवण्याआधी तळाची चिकणमाती काढून तपासण्यावर भर आला. तरीही २००४ मध्ये आयव्हन वादळात चिखल पुन्हा सरकला, टेलर एनर्जीचा प्लॅटफॉर्म कोसळला आणि त्याच्या विहिरी गाळाखाली गाडल्या गेल्या. त्यातून गळणारं तेल गोळा करायची यंत्रणा बसली ती २०१९ मध्ये.