डेबूने पाळलेला शब्द

वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे झिंगराजी आणि सखुबाई हे परीट दांपत्य राहत असे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव डेबूजी. घरची माणसे त्याला डेबू म्हणत.

त्या काळी देवाला कोंबडे-बकरे द्यावे आणि त्या निमित्ताने दारू प्यावी, अशी चाल पुष्कळ घरांत होती. झिंगराजींना याच चालीतून दारूचे व्यसन जडले. त्यात त्यांचे शरीर खंगले आणि संसारही धुळीस मिळाला. डेबू लहान असतानाच ते वारले. शेवटी त्यांना फार पश्चात्ताप झाला आणि डेबूला या वाटेने जाऊ देऊ नये, अशी त्यांनी सखुबाईंना विनवणी केली, असे सांगतात.

सखुबाई डेबूला घेऊन दापुरे या गावी माहेरी आल्या. लहान मुलाला वचन या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. पण आईचे अश्रू त्याला दिसतात आणि ते कशामुळे आले, हेही कळते. डेबूच्या मनावर वडिलांची इच्छा अशीच कोरली गेली. आजोबा व मामा यांनी आपल्याला आसरा दिला आहे, हेही तो विसरला नाही. तो पहाटे उठून गोठा झाडी, गुरे चारावयास नेई आणि शेतात राबे. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामांचे शेत गेले आणि त्या दुःखाने मामाही गेले. तेव्हा त्या घराचा भार डेबूने आपल्या खांद्यावर घेतला.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिली मुलगी झाली, तेव्हा बारशाचा दिवस उजाडला. रिवाजाप्रमाणे भावकीला मटण आणि दारू यांची मेजवानी द्यावयाची होती. ती न दिली तर आप्तांचा रोष होणार, हे उघड होते. वडिलांना दिलेला शब्द मोडला असता, तरी जाब विचारावयास वडील हयात नव्हते. डेबूजींनी मात्र पानांवर गोड जेवण वाढले. आप्त रागावले, परंतु डेबूजी डगमगले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. आता साऱ्या समाजाचे आपण देणे लागतो, असे त्यांना वाटू लागले. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलात घसरून पडत. डेबूजींनी तेथे स्वतः राबून घाट बांधण्याचे काम हाती घेतले. ते गावोगाव हिंडून रस्ते झाडीत आणि काम केल्यावाचून कोणाच्या घरची भाकरी घेत नसत. हातातील गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुक्या जनावरांचा बळी देऊ नका, मुलांना शाळेत घाला, हेच ते कीर्तनांतून सांगत. पंढरपूर, नाशिक येथे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. लोकांनी दिलेल्या पैशांतील एक पैही त्यांनी आपल्या कुटुंबाकडे वळविली नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगेबाबांनी देह ठेवला. बालपणी आईच्या डोळ्यांत वाचलेला शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला.