पाणबुड्यांचे हाल्डेन

कल्याणजवळच्या मोहने गावाच्या कडेने उल्हास नदी वाहते. तेथे पोहणाऱ्या एखाद्याला विचारा. जरा खोल बुडी मारली की कान दुखू लागतात, असे तो सांगेल. हा पाण्याचा दाब. समुद्रात दर १० मीटरला तो हवेच्या दाबाएवढा वाढत जातो. मग विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळांच्या पठारावर उतरणाऱ्या पाणबुड्याचे काय होत असेल? साठ मीटर खोल बुडालेल्या जहाजात शिरणाऱ्याचे काय होत असेल? नवल असे, की त्याला मोठा धोका खाली जाताना नसतो, वर येताना असतो.

सोड्याची बाटली आठवा. झाकण उघडले, दाब गेला, की बुडबुडे उसळतात. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतील नायट्रोजन वायू असाच शरीरात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, कधी हातपाय लुळे पडतात, कधी प्राणही जातो.

यावरचा उपाय ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शोधला. बंद पोलादी कोठीत बकऱ्या ठेवून त्यांनी दाबाचे प्रयोग केले. पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर यावे, खालच्या टप्प्यांवर थोडे आणि वरच्यांवर जास्त वेळ थांबावे, अशी कोष्टके त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. पण आपल्याला ओळख करून घ्यायची आहे ती त्यांच्या मुलाची.

जे. बी. एस. हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडिलांच्या प्रयोगांत ते लहानपणापासूनच सामील होत. वयाच्या तेराव्या वर्षी वडिलांनी त्यांना पाणबुड्याचा पोशाख चढवून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा! मनगटांपाशी फट राहिली आणि पाणी आत शिरू लागले. मुलगा मात्र घाबरला नाही. पुढे आनुवंशिकतेच्या अभ्यासाने त्यांचे नाव जगभर झाले.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलजवळ बुडाली. आतील १०३ माणसांपैकी चौघेच वाचले. मृतांत अनेक कामगार होते. ही माणसे कशामुळे दगावली, याचा शोध घेण्याची विनंती कामगार संघटनांनी हाल्डेन यांना केली. ते काही सोबत्यांसह एका पोलादी कोठीत कोंडून बसले. आतली हवा हळूहळू दूषित होत गेली. डोके दुखू लागले, धाप लागली. त्याची ते नोंद करत राहिले.

त्यानंतर नौदलानेच त्यांच्यावर हे काम सोपवले. प्रचंड दाबाखाली, कधी बर्फाच्या पाण्यात बसून, त्यांनी निरनिराळे वायू हुंगले. बकरी आपले दुखणे सांगू शकत नाही, माणूस सांगू शकतो, असे त्यांना वाटे. एकदा दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेताना त्यांना इतके जोराचे झटके आले, की पाठीचे मणके चेपले गेले. ते दुखणे जन्मभर राहिले. त्यांच्या सहकारी हेलन स्परवे याही कोठीत बसत. स्पेनचे माजी पंतप्रधान नेग्रिनसुद्धा एकदा आत बसले होते! इतके धाडस योग्य होते का, हे तुम्ही ठरवा. प्राणवायू खोल पाण्यात विष ठरतो, ही गोष्ट मात्र या प्रयोगांतून स्पष्ट झाली. म्हणून फार खोल जहाजावर उतरणारे पाणबुडे आज हेलियम मिसळलेली हवा घेतात. शुद्ध ऑक्सिजन ते अगदी वरच्या टप्प्यावरच वापरतात. सोबतचा वाटाड्या घड्याळ पाहून प्रत्येक थांब्यावर सर्वांना दोराजवळ रोखून धरतो.

१९५७ साली हाल्डेन आणि हेलन कलकत्त्याला आले. त्यांचे तोवर लग्न झाले होते. तेथील भारतीय सांख्यिकी संस्थेत ते काम करू लागले. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि भारतीय पोशाखही स्वीकारला. शेवटची वर्षे भुवनेश्वरला गेली. कर्करोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.